दरमहा हजार रुपये काढणाऱ्या चौदा मित्रांनी गावातल्या मुलांसाठी नेमकं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा, पाच किलोमीटरवर हायस्कूल. गावातले चौदा जण आता नोकरीनिमित्त पुण्यात आणि बाहेर आहेत. प्रत्येकी १,००० रुपये दरमहा, म्हणजे वर्षाला १,६८,००० जमतात. गेल्या वर्षी १२० मुलांना दप्तर आणि वह्या वाटल्या, कार्यक्रम छान झाला, पण दिवाळीनंतर वर्ग अर्धे रिकामे झालेच. यंदा पैसे कुठे लावावेत, संस्था नोंदवावी का, आणि फरक पडला हे कळणार कसं?

तुमची खरी अडचण पैसा कमी असण्याची नाही. तो चुकीच्या महिन्यात आणि सगळ्यांना सारखा वाटला गेला, ही आहे. दप्तर जूनमध्ये मिळालं, मूल शाळेतून गेलं नोव्हेंबरमध्ये. शिवाय सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं सरकारच देतं, गणवेश येतो, दुपारचा पोषण आहार असतो. तिथे आणखी वह्या दिल्याने मुलांना आनंद होतो, आणि तो खोटा नसतो. पण ज्या कारणाने मूल शाळा सोडतं त्या कारणाला हात लागत नाही.

छोट्या रकमेची ताकद दोन ठिकाणी असते. एक, मूल गळण्याच्या नेमक्या आठवड्यात ती हातात पडली तर. दुसरं, तिच्यामुळे सरकारकडची दसपट रक्कम मोकळी झाली तर. बाकी ठिकाणी दीड-पावणेदोन लाख रुपये वाळूत ओतल्यासारखे जिरतात. खाली जे सांगतो आहे ते याच दोन कसोट्यांवर. तुमच्या गावात ऊसतोडीला जाणारी घरं किती, जमीनवाली किती, कुठल्या जातप्रवर्गातली किती, यावर तपशील बदलेल. म्हणून आधी पटावरची नावं आणि घरं जुळवून एक यादी करा. कोणत्या घरातून किती कोयते (ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) जातात, मागे घरी कोण राहतं, मूल कितवीत आहे, एवढे तीन रकाने पुरेत.

आधी कागद

सर्वात कमी खर्चात सर्वात मोठा परिणाम इथे होतो, आणि देणगीदार मंडळी नेमकी इथेच फिरकत नाहीत, कारण दाखल्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

उदाहरण घ्या. वडील वारलेले, आई मजुरी करते, दोन मुलं शाळेत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, म्हणजे एका मुलाचे वर्षाला २७,०००. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे, मंजुरी बाल कल्याण समितीची. लागतं काय? वडिलांचा मृत्यू दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, मुलाचा पालकासह घरासमोर काढलेला फोटो. या बाईला अडवतो तो बीडला जायचा एक दिवस. त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, आणि टेबलावरच्या माणसाने ‘हा कागद कमी आहे’ म्हटलं की तोच खर्च पुन्हा. तिसऱ्या खेपेला ती जात नाही. तुमचे ४०० रुपये आणि सोबत जाणारं एक माणूस, इतक्यावर २७,००० सुरू होतात. त्याच बाईचा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज झालेला आहे का, तेही बघा. विधवा लाभार्थीला महिना १,५०० रुपये असतात, पण वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० ची आहे. त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यावर काय आकडा पडतो हे महत्त्वाचं ठरतं. तो आकडा खोटा पाडून घेऊ नका. पण तलाठी अंदाजाने जास्त लिहितात, तेव्हा खरी परिस्थिती मांडायला सोबत कोणी तरी असावं लागतं.

शिष्यवृत्तीचे कागद हे दुसरं दुखणं. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरूनही पैसे येत नाहीत, तेव्हा कारण बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक असतं. खातं आधारशी जोडलेलं आहे असं घरचे सांगतात, पण थेट लाभासाठी (डीबीटी) ते खातं नोंदलेलं नसतं. बँकेत केवायसीला आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि डीबीटीसाठी आधार सीडिंग करणं वेगळं. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी सीडिंग’ असा शब्द वापरून फॉर्म द्यावा लागतो. दुसरं, आधारला जोडलेला मोबाईल नंबर वडिलांच्या जुन्या सिमचा असतो, ते सिम साखर कारखान्यावर हरवलं, ओटीपी येणार कुठे? तिसरं, १५ वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करायची असते, ती झालेली नसते. चौथं, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहिलेला असतो आणि विद्यार्थ्याला वाटतं ‘आपला भरला’. पाचवं, पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायचं राहून जातं. हे पाचही दोष पैशाने दुरुस्त होत नाहीत. दर महिन्याला कोणी तरी यादी घेऊन बसलं तर होतात.

नावाची चूक दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. शाळेच्या रजिस्टरला ‘सोनाली’, आधारवर ‘सोनाबाई’, आणि जन्मदाखल्यावर तिसरंच काही, असं हमखास सापडतं. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्ती होते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला, बोर्डाची गुणपत्रिका छापली गेली, की तेच काम कित्येक पटीने अवघड होतं.

जात वैधतेचं तर वेळापत्रकच पाठ ठेवा. मुलगा किंवा मुलगी अकरावी विज्ञानला गेली की त्याच वर्षी पडताळणीचा अर्ज जायला हवा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव केली तर प्रवेशाची मुदत हातची जाते. या अर्जाला वास्तव्याचा आणि जातीचा जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेतला प्रवेश निर्गम उतारा किंवा महसुली नोंद शोधावी लागते. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा, आत्याआजी, कोणाचीही रक्तनात्यातली नोंद चालते, फक्त वंशावळ नीट जुळली पाहिजे. अशी एक नोंद सापडली की ती एका मुलापुरती राहत नाही, सबंध भावकीला उपयोगी पडते. म्हणून ती प्रत फाईलला लावून गावातच जपून ठेवा.

दसरा ते पाडवा

आता तुमच्या गावाच्या मुख्य प्रश्नाकडे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम ऊसतोड मजुरांची टोळी घेऊन निघतो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, बहुतेक खर्चही झालेली. मागे म्हातारी असेल तर मूल तिच्याजवळ, नसेल तर कारखान्यावरच्या कोप्यांत (झोपड्यांत) आईबापांसोबत. धाकटी भावंडं असतील तर त्यांना सांभाळायला दहा-अकरा वर्षांची मुलगी सोबत जाते, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येते तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो.

पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. मूल गावातच नातेवाइकाकडे झोपतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण योजनेतून, दुपारचं पोषण आहारातून. तुमच्या शाळेचा प्रस्ताव वेळेत गेला आहे का, एवढं सप्टेंबरमध्ये मुख्याध्यापकांना विचारा. टोळ्या निघून गेल्यावर मंजुरी आली तर मुलं कधीच कारखान्यावर पोचलेली असतात. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहंही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच आहेत. जवळ सुरू असेल तर तिथला प्रवेश आधी बघा.

खरी फट आहे नववी-दहावीत. हंगामी वसतिगृहाची आणि पोषण आहाराची मदत आठवीशी थांबते. पुस्तकंही आता विकतची. आणि वय चौदा-पंधरा. मुलगी असेल तर घरच्यांना तिला मागे ठेवायची भीती वाटते, सोबत न्यायचीही वाटते, आणि दोन्ही भीतींवरचा सोपा उपाय म्हणून तिचं लग्न लावून टाकलं जातं. तुमच्या १,६८,००० पैकी सर्वात मोलाचा खर्च मला इथे दिसतो. सात मुली निवडा, महिना १,००० प्रमाणे नोव्हेंबर ते एप्रिल सहा महिने, एकूण ४२,०००.

हे पैसे वडिलांच्या हातात ऑक्टोबरमध्ये देऊ नका. यात त्यांच्यावर अविश्वासाचा प्रश्न नाही. त्या महिन्यात घरात आलेला प्रत्येक रुपया जुन्या देण्याकडे ओढला जातो, तो त्यांनाही थांबवता येत नाही. गावातल्या किराणा दुकानात मुलीच्या नावाची वही उघडा आणि दर महिन्याला हिशोब तुम्ही थेट दुकानदाराला भागवा. वहीत काय चालेल ते आजीसमोर ठरवा: तूरडाळ, तेल, शेंगदाणे, साखर-चहा, साबण, सॅनिटरी पॅड, वह्या-पेन. तंबाखू-मिश्री नाही, हे दुकानदाराला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं.

धान्यासाठी तुमचा पैसा लागू नये, ते रेशनवर मिळायला हवं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. अडचण येते ती अंगठ्याची. कार्डावरचे आईबाप कारखान्यावर, घरी आजी. मातीकाम करून झिजलेला तिचा अंगठा ई-पॉस यंत्रावर चार-चार वेळा दाबूनही उमटत नाही. म्हणून टोळी निघण्याआधी दोन गोष्टी करून घ्या: मुलीचं नाव कार्डावर आहे आणि तिची ई-केवायसी झालेली आहे. मग तिचा स्वतःचा अंगठा चालतो. आईबापांनाही समजावून सांगा की कारखान्याच्या गावी तेही रेशन उचलू शकतात, पण तिथे अख्ख्या कार्डाचं धान्य उचललं तर इकडे घरी काही उरत नाही. आपल्या वाट्याचं तेवढंच तिथे उचलायचं.

एकटी मुलगी आणि सत्तरीची आजी, अशी व्यवस्था सहा महिने टिकत नाही. शेजारच्या दोन मुली एका घरात झोपायला आणा. आठवड्यातून एकदा गावातली एक बाई घरी जाऊन येईल अशी सोय करा, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलीला तोंडपाठ असू द्या. लग्नाची कुजबुज कानावर आली तर पहिल्या दिवशी आईशी बोला, वडिलांशी फोनवर बोला. वय अठराच्या आत असताना लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना शांतपणे सांगा. सगळं ठरून पत्रिका छापल्यावर तुमच्या शब्दाला वजन राहत नाही.

प्रवेशाचा आठवडा

दहावी-बारावीनंतरची गळती वेगळी असते. मुलाला प्रवेश मिळतो, शिष्यवृत्ती किंवा फी माफीही लागू असते, पण पहिल्या आठवड्यात हातात रोख लागते. वसतिगृहाची अनामत, मेसचा पहिला महिना, परीक्षा फी, गादी-बादली, शहरात जायचं भाडं. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मात्र राहण्या-खाण्याचा खर्च त्यात नाही. त्यासाठी प्रवर्गानुसार स्वाधार, स्वयं, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत, पण त्यांचे पैसे उशिरा येतात. मधले चार-सहा महिने कोण काढणार?

यासाठी ६०,००० चा फिरता निधी ठेवा. सहा विद्यार्थी, प्रत्येकी जास्तीत जास्त १०,०००. शक्य तिथे रक्कम थेट कॉलेजच्या किंवा वसतिगृहाच्या खात्यावर भरा आणि पावती घ्या. परतफेड शिष्यवृत्ती जमा झाल्यावर. व्याज अजिबात नाही: व्याज लावलं की तुम्ही सावकारी कायद्याच्या कक्षेत जाता, आणि गावाच्या नजरेतही तेच होऊन बसता. स्टॅम्प पेपर, कोरा चेक, जामीनदार, यातलं काही घेऊ नका. विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरातलं एक साधं पत्र घ्या: किती घेतले, कशासाठी, कुठली रक्कम आल्यावर परत करणार. काही पैसे परत येणार नाहीत हे धरूनच चाला. शिष्यवृत्ती नामंजूर झालेल्या मुलाच्या मागे वसुलीला लागलात तर तो गावात तुम्हाला टाळायला लागेल आणि पुढचा गरजू मुलगा मागायलाच येणार नाही. परत आलेली रक्कम मात्र दुसऱ्या कशात वळवू नका, पुढच्या जूनसाठी तशीच राहू द्या.

घेणाऱ्याने बदल्यात काही करावं का, असं बरेच जण विचारतात. करावं, आणि त्यात संकोचण्यासारखं काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीदच ‘स्वावलंबी शिक्षण’ आहे. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी उभी केलेली विद्यार्थी सहाय्यक समितीही खेड्यातून आलेल्या मुलांना मदतीसोबत श्रमाची सवय लावत आली. तुमच्या गावात याचं सोपं रूप म्हणजे कॉलेजला गेलेल्या मुलाने दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज तासभर आठवीच्या मुलांना गणित शिकवायचं. आठवीतच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पात्र ठरलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. सातवीला ५५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, अशा अटी आहेत. परीक्षेत बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे दोन पेपर असतात. डोंगरपट्ट्यातल्या शाळांत पहिल्या पेपरचा सराव कोणी करून घेत नाही, म्हणून मुलं तिथेच मागे पडतात. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या वीस प्रती आणि शिकवणारा एक बारावीचा मुलगा, एवढ्यावर हा सराव उभा राहतो.

चष्मा आणि सायकल

या दोन गोष्टी लहान वाटतात, म्हणून सुटून जातात.

वर्गात फळ्यावरचं न उतरवता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं मूल ‘ढ’ ठरवलं जातं. आधी त्याचे डोळे तपासा. सहा मीटर अंतर दोरीने मोजा, भिंतीवर उजेडात ‘ई’चा तक्ता लावा, एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने ओळ वाचायला सांगा. बोटांनी झाकला तर मुलं फटीतून बघतात, म्हणून तळहातच. तक्ता पाठ होऊ नये यासाठी प्रत्येकाला वेगवेगळ्या ओळी विचारा. ज्यांना दिसत नाही त्यांची यादी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला द्या आणि तालुक्याला तपासणी करून घ्या. साध्या चष्म्याला ३०० ते ५०० रुपये लागतात. फ्रेम मुलालाच निवडू द्या, नाही तर तो चष्मा ट्रंकेत जातो. वर्षाने नंबर पुन्हा बघावा लागतो.

सायकली नव्या घेऊ नका. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत असेल, तर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल तिथून मिळते, आणि गावात अशा सायकली नक्की असतील. त्यातल्या किती भिंतीला टेकून उभ्या आहेत ते मोजा. कारण बघितलं तर बाभळीचा काटा, नाही तर वॉल्व्हट्यूब. पंक्चरवाला पाच किलोमीटरवर, म्हणजे सायकल ढकलत न्यायची, दुपारी ढकलत आणायची, आणि मग दुसऱ्या दिवसापासून ती निघतच नाही. गावात एक हवेचा पंप, पंक्चरचं सोल्यूशन आणि ठिगळं, लोखंडी पट्ट्या, दोन-तीन मापांच्या जादा ट्यूब, वॉल्व्हट्यूबची गुंडाळी आणि ब्रेकचे रबर ठेवा. तीन मुलींना पंक्चर काढायला शिकवा. ट्यूब पाण्याच्या पाटीत बुडवून बुडबुडा शोधायचा, तिथे पॉलिश पेपरने घासायचं, सोल्यूशन लावून ते सुकू द्यायचं, मग ठिगळ दाबायचं. ओल्यावरच ठिगळ लावलं तर ते दुसऱ्या दिवशी सुटतं, नवशिक्यांची चूक तीच होते. टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढला नाही तर नवी ट्यूबही फाटते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे आणि मुलांना सवलतीत, पण हायस्कूलच्या वेळेला बस नसेल तर पास असून उपयोग नाही. वेळ बदलून घ्यायला ग्रामपंचायतीचा ठराव जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्या.

शेळ्या वाटण्याबद्दल तुमच्या मित्राने सुचवलं आहे. उस्मानाबादी शेळी तुमच्या भागासाठी उत्तमच, बऱ्याचदा जुळी देते. पण जे घर सहा महिने कारखान्यावर असतं तिथे शेळी टिकत नाही, निघण्याआधी विकली जाते. वर्षभर गावात राहणारी विधवा किंवा अपंग व्यक्तीचं घर असेल तरच विचार करा, आणि पीपीआर व आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांवरच्या लसीची जबाबदारी आधी ठरवा. पहिल्या वर्षी तरी मी यात पडणार नाही.

माणूस, निवड, हिशोब

हे सगळं पुण्यात बसून होत नाही. गावात राहणारी, स्मार्टफोन चालवणारी, बारावी किंवा पदवी झालेली एक सून किंवा मुलगी शोधा आणि तिला महिना १,५०० रुपये मानधन द्या. ‘गावचं काम फुकट करायला हवं’ असा आग्रह धरला तर दोन महिन्यांनी कोणीच करत नाही. शिवाय तुम्ही ज्यांच्या कष्टाची कदर करायला निघालात त्यातलीच तीही एक आहे. तिच्याकडे एक रजिस्टर असेल: मुलाचं नाव, कोणता कागद अडला आहे, पुढची तारीख, कोण जाणार.

आकडा असा बसतो: मानधन १८,०००, चाळीस घरांचे दाखले आणि प्रवास १६,०००, नववी-दहावीच्या सात मुली ४२,०००, प्रवेशाचा फिरता निधी ६०,०००, चष्मे १०,०००, सायकलींची दुरुस्ती ६,०००, आणि १६,००० राखीव. राखीव म्हणजे सापाने चावलं, घर जळालं, बाप अपघातात गेला, अशा वेळेसाठी. एकूण १,६८,०००. नववी-दहावीच्या पुस्तकांचे चार संच राखीवमधून घेऊन फिरते ठेवा, दरवर्षी परत घ्यायचे.

निवड करताना मुख्याध्यापकांची यादी घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या यादीत हुशार आणि समोर येणारी मुलं असतात. सतत गैरहजर असलेलं मूल यादीत नसतंच, आणि तुम्हाला हवं आहे तेच. गुणांची अट ७५ टक्के ठेवली तर आधीच ज्यांच्या घरी कोणी शिकवणारं आहे त्यांनाच मदत जाते. दोघांनी घरी जाऊन भेट द्यावी, त्यात एक बाई असावी. चौदापैकी कोणाच्या भावकीतलं मूल असेल तर त्या निर्णयात त्याने बसू नये. मदत देताना फोटो, स्टेज, हार, काही नको. दहावीतल्या मुलीला गावासमोर ‘गरजू’ म्हणून उभं केलं की ती पुढच्या वर्षी नकोच म्हणते, आणि तिचं बरोबर असतं. आधार आणि बँकेचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एका फाईलमध्ये, एकाकडेच.

नोंदणीचं थोडक्यात. तुम्ही चौदा जण स्वतःच्याच खिशातून देत आहात तोवर संस्था काढायची घाई नाही. दोघांच्या सहीचं वेगळं संयुक्त खातं उघडा, एकाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे जमवू नका. बाहेरच्या लोकांकडून देणगी मागायची झाली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी किंवा नोंदणी लागते. नोंदणी केली की दरवर्षी लेखापरीक्षण, बदल अर्ज, बैठकांची इतिवृत्तं हे सगळं मागे लागतं. ‘८०जी’च्या करसवलतीसाठी अट्टहास नको: नवी कररचना घेतलेल्यांना तिचा फायदा नाही, आणि जुन्यातही २,००० पेक्षा जास्त रोख दिलेल्या देणगीला नाही. तुमचे दोन मित्र परदेशात आहेत. दुबईतल्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्याचे पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याचे ठरतात, तो जन्माने तुमच्याच गावचा असला तरी. त्याची रक्कम या खात्यात अजिबात घेऊ नका. त्याने परदेशी देणगीची नोंदणी असलेल्या संस्थेला थेट द्यावी.

फरक पडला हे कसं कळेल? दोन हजेरीपट बघा. दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिसऱ्या आठवड्यात सातवी ते दहावीची पटावरची आणि प्रत्यक्ष बसलेली संख्या लिहून ठेवा, गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याचीही मुख्याध्यापकांकडून मिळेल. मग जूनमध्ये जुन्या सातवीच्या यादीतलं एकेक नाव हायस्कूलच्या आठवीत शोधा. जे नाव सापडत नाही त्या घरी आठवड्याच्या आत जा, टीसी कुठल्या गावच्या शाळेने मागवला आहे का ते विचारा. मागवलेलाच नसेल तर ते मूल कुठेच शिकत नाही असं समजून पुढच्या वर्षाच्या यादीत पहिलं नाव त्याचं लिहा.